तीन यंत्रं, तीन आकडे: हवेतलं बाष्प मोजायचं तरी कशानं?

द्राक्षवेडा_निफाड | १६ नोव्हेंबर, रात्री ९.१२

मंडळी, इथे हवामान खात्यातले, इलेक्ट्रॉनिक्सवाले, सगळ्या प्रकारचे लोक आहेत म्हणून विचारतोय.

तीन एकर थॉमसन द्राक्ष आहे. छाटणी होऊन महिना झाला, बाग फुलोऱ्यात आहे. या दिवसांत डाऊनीची (ओल्या पानावर वाढणाऱ्या रोगाची) भीती किती असते ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको. आर्द्रता बघून फवारणीचा निर्णय घ्यावा म्हटलं तर माझ्याकडे तीन ठिकाणचे आकडे आहेत आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

एक, बागेत बसवलेलं कंपनीचं ऑटोमॅटिक वेदर स्टेशन (नाव लिहीत नाही, विचारू नका). दोन, वडिलांच्या काळचं ओला-कोरडा थर्मामीटर, लाकडी पाटीवर दोन नळ्या आणि एका नळीला वात, ओसरीत टांगलेलं. तीन, मोबाईलमधलं ॲप.

आज सकाळी सातला:
स्टेशन ९६ टक्के, वडिलांचं ८४, मोबाईल ७१.

दुपारी दोनला:
स्टेशन ३८, वडिलांचं ५२, मोबाईल ४५.

सकाळी जे सगळ्यात जास्त दाखवत होतं तेच दुपारी सगळ्यात कमी. एकच यंत्र कायम चढं दाखवत असतं तर म्हटलं असतं की बिघडलंय. आता कोणाचं खरं मानू? कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणे, "सर, आमचा सेन्सर इम्पोर्टेड आहे."

फक्त_वाचक | रात्री ९.२०

इम्पोर्टेड आहे म्हणजे तिकडची आर्द्रता दाखवत असेल. वाखू (वाचनखूण) साठवली, जाणकारांची वाट बघतो.

जुना_निरीक्षक | रात्री १०.०५

मी चौतीस वर्षं वेधशाळांमध्ये निरीक्षक होतो, आता निवृत्त आहे. उत्तर देण्याआधी मला पुढची माहिती द्या. टक्के नकोत.

१. तिन्ही ठिकाणी तापमान किती होतं? सकाळचं आणि दुपारचं.
२. वडिलांच्या यंत्राची वात शेवटची केव्हा बदलली? कसल्या कापडाची आहे?
३. वाटीत पाणी कुठलं घालता?
४. ओसरीची भिंत कुठल्या दिशेला आहे आणि तिथे वारा लागतो का?
५. बागेतल्या स्टेशनचा सेन्सर कशात बसवलाय? पांढऱ्या थाळ्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतात का, की नुसता डबा आहे?

आर्द्रतेचे टक्के तापमानाशिवाय सांगणं म्हणजे गावाचं नाव न सांगता नुसता घर नंबर सांगणं. आमच्या वहीत म्हणूनच आधी कोरडा, मग ओला, असे दोन रकाने असत. टक्केवारी तक्ता बघून नंतर भरायची.

सोल्डरगन | रात्री १०.४१

निरीक्षक काकांच्या प्रश्नांची उत्तरं येईपर्यंत इलेक्ट्रॉनिक सेन्सरबद्दल थोडं सांगतो. मी स्वतः अशी खेळणी घरी बनवतो.

तुमच्या स्टेशनात बहुतेक कपॅसिटिव्ह सेन्सर असणार. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये पॉलिमरचा अगदी पातळ थर असतो. हवा दमट झाली की तो थर पाणी शोषतो, कोरडी झाली की सोडतो, आणि त्याप्रमाणे धारकता (वीज साठवायची क्षमता) बदलते. फिनलंडच्या व्हैसाला कंपनीनं १९७३ साली ही कल्पना बाजारात आणली. आज बहुतेक ठिकाणी हेच तत्त्व आहे. चांगला सेन्सर असेल तर कागदावर दोन-तीन टक्क्यांची अचूकता असते. डीएचटी११ नावाच्या स्वस्त सेन्सरची पाच टक्के लिहिलेली असते आणि तीही मला उदार वाटते.

याचे शत्रू दोन. एक, कायम ९०-९५ च्या वर राहणारी हवा. थर पाण्यानं तुडुंब भरतो आणि मग आकडा हळूहळू सरकत जातो. दुसरा, रसायनं. तुम्ही गंधक मारता, बुरशीनाशकं मारता, त्याची भुकटी आणि वाफ सेन्सरवर बसते. बागेतला सेन्सर तीन हंगाम तपासलाच नसेल तर इम्पोर्टेड असो की गावठी, माझा विश्वास नाही.

तपासायचं कसं? घट्ट झाकणाचा डबा घ्या. एका बशीत साधं मीठ, त्यात थोडंसं पाणी, ओल्या वाळूइतकं. मीठ विरघळून जाता कामा नये, तळाला खडे दिसलेच पाहिजेत. बशी आणि सेन्सर डब्यात ठेवून झाकण लावा, सात-आठ तास सावलीत, एकसारख्या तापमानात ठेवा. संपृक्त मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. २० अंशाला ७५.५, २५ ला ७५.३, म्हणजे तापमानानं जवळजवळ हलत नाही. प्रयोगशाळाही हीच युक्ती वापरतात, फक्त मीठं वेगवेगळी. मॅग्नेशियम क्लोराईड ३३ च्या आसपास देतं, लिथियम क्लोराईड ११.

द्राक्षवेडा_निफाड | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

काका, उत्तरं:

तापमान मी लिहून ठेवतो. काल सकाळी सातला स्टेशन १६.०, ओसरीत १८.५, मोबाईल २१. दुपारी दोनला स्टेशन ३४, ओसरीत कोरडा ३२.० आणि ओला २४.३, मोबाईल ३१.

वात... खरं सांगायचं तर आठवत नाही. वडील गेले २०१६ ला, त्यानंतर मी बदललेली नाही. हात लावून बघितलं, कडक झालीये, काडीसारखी. पाणी बोअरचं. ओसरी उत्तरेला आहे, वारा बेताचाच.

स्टेशनचा सेन्सर पांढऱ्या डब्यात आहे, खाली चार भोकं आहेत. थाळ्या नाहीत. डबा लोखंडी अँगलला बांधलाय, वेलीच्या उंचीवर.

सोल्डरगनदादा, आज रात्री मिठाचा प्रयोग करतो. बायको विचारतीये, मिठाच्या डब्यात वायर कशाला.

जुना_निरीक्षक | सकाळी ११.५०

आता बोलता येईल.

हवेत वाफ किती आहे हा एक प्रश्न. ती हवा त्या तापमानाला जास्तीत जास्त किती वाफ धरू शकली असती, त्याच्या किती टक्के आहे, हा दुसरा प्रश्न. तुमची तिन्ही यंत्रं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतायत आणि तिघांचं तापमान वेगळं आहे. म्हणून आधी प्रत्येक जोडीवरून दवबिंदू काढू. म्हणजे हीच हवा किती अंशापर्यंत थंड केली तर दव धरेल ते.

सकाळचे आकडे:
स्टेशन, १६.० अंशाला ९६ टक्के: दवबिंदू १५.४.
ओसरी, १८.५ ला ८४ टक्के: १५.७.
मोबाईल, २१ ला ७१ टक्के: १५.५.

बघा, तिघंही एकच सांगतायत! वाफ तेवढीच आहे. बाग रात्री उघड्या आकाशाखाली गार झाली, ओसरीला घराच्या भिंतीची ऊब होती, आणि मोबाईलचा आकडा तुमच्या बागेचा नाहीच, संगणकावरच्या हवामान-प्रारूपात नकाशाचे जे चौकोन पाडलेले असतात, त्यातल्या एकाची सरासरी आहे.

दुपारी:
स्टेशन, ३४ ला ३८ टक्के: १७.५ च्या जवळपास.
मोबाईल, ३१ ला ४५ टक्के: १७.७.
ओसरी, ३२ ला ५२ टक्के: २०.८.

इथे मात्र वडिलांचं यंत्र तीन अंशांनी वेगळं पडलं. ओल्या वातीतून पाणी उडतं, उडताना उष्णता घेतं, म्हणून ओला पारा उतरतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त. वात क्षारांनी काडीसारखी झाली की पाणी वर चढत नाही, बाष्पीभवन मंदावतं आणि ओला पारा उतरायला हवा तेवढा उतरत नाही. मग यंत्र हवेला आहे त्यापेक्षा दमट ठरवतं. सकाळी ही चूक का दिसली नाही? कारण सकाळी मुळात उतारच दीड-दोन अंशांचा. चूक उताराच्या प्रमाणात असते. दमट हवेत आजारी वातही निरोगी दिसते.

माझा अंदाज, वात बदललीत तर दुपारी ओला पारा २२.५ च्या आसपास येईल.

दुसरं, तुमच्या स्टेशनचा सेन्सर वाफ बरोबर मोजतोय, पण डबा उन्हात तापतोय. डब्यातली हवा ३४, बाहेरची ३२. त्यामुळे त्यानं ४२ च्या जागी ३८ सांगितलं. डब्यातल्या हवेपुरतं ते खरंच आहे. स्टीव्हन्सनची पेटी, तीच पांढरी, दुहेरी झडपांची, चार पायांवरची, या एका कारणासाठी आहे. थॉमस स्टीव्हन्सन हा दीपगृहं बांधणारा स्कॉटिश इंजिनिअर. दीडशे वर्षं झाली, पेटी अजून आहे तशी आहे.

टक्क्यांची गंमत म्हणून एक हिशेब देतो. मे महिन्यात नागपूरला दुपारी ४० अंश आणि १८ टक्के. जानेवारीत नगरला पहाटे १० अंश आणि ९० टक्के. जास्त वाफ कुठे? नागपूरला. तिथे घनमीटरला साधारण ९.२ ग्रॅम, नगरच्या पहाटे ८.४. आणि तरी नागपूरला ओठ फुटतात.

कोकणातली_मनी | दुपारी १२.१५

काका, हे शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर! आमच्याकडे ऑक्टोबरात ३३ अंश आणि ७० टक्के असतं, त्याचं किती?

जुना_निरीक्षक | दुपारी १२.३२

सुमारे २५ ग्रॅम. दवबिंदू २७ च्या जवळ. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिच्याखाली तळं का होतं, ते यावरून कळेल.

साखळी_टेप | दुपारी १.०८

मी सर्व्हेवाला. जीपीएसनं जमिनी मोजतो. तुम्ही ज्याला वाफ म्हणता ती आमच्या धंद्यातली चूक आहे. :)

उपग्रहाचा सिग्नल वातावरणातून येताना थोडा उशिरा पोचतो. डोक्यावरच्या उपग्रहासाठी समुद्रसपाटीला कोरड्या हवेमुळे होणारा उशीर अंतरात सांगायचा तर सुमारे २.३ मीटर. तो हवेच्या दाबावरून हिशेबानं अचूक काढता येतो. उरतो तो वाफेचा भाग. हिवाळ्यात दहा सेंमी, ऐन पावसाळ्यात पस्तीस-चाळीस सेंमी. आम्ही तो काढून फेकायचो. १९९२ साली मायकेल बेव्हिस आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की फेकता कशाला, हीच तर वाफेची मोजणी आहे. साधारण साडेसहा मिलिमीटर उशीर म्हणजे एक मिलिमीटर पाणी. म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या आकाशातली सगळी वाफ पिळून जमिनीवर ओतली तर किती उंचीचं पाणी साचेल, ते.

फायदे काय ते बघा. ढग असो, पाऊस असो, रात्र असो, चालतं. दर काही मिनिटांनी आकडा. वात नाही, काच नाही, गंधकाची भुकटी बसायची भीती नाही. अचूकता एक-दोन मिलिमीटर. पावसाळ्यात मुंबईवर साठ मिलिमीटरच्या आसपास वाफ असते, त्यात ही चूक किरकोळच.

माझ्या मते बाकी सगळं जुनं झालं. सरकारी जीपीएस स्टेशनांचं जाळं महाराष्ट्रभर आहे, प्रत्येक स्टेशन म्हणजे फुकटचं वाफमापक.

द्राक्षवेडा_निफाड | दुपारी १.३०

भारी आहे हे. मग माझ्या बागेत डाऊनी येणार का, ते तुमचं जीपीएस सांगेल का?

साखळी_टेप | दुपारी १.३४

नाही. :(

ते जमिनीपासून वरपर्यंतची एकूण बेरीज देतं. कुठल्या उंचीवर किती, ते नाही. आणि उपग्रह आकाशभर विखुरलेले असतात, त्यामुळे तो आकडा डोक्यावरच्या उलट्या शंकूतल्या हवेचा असतो, वरच्या टोकाला अनेक किलोमीटर रुंद. तुमची वेल त्यात कुठे दिसणार. शिवाय दाबमापक एक मिलिबार चुकलं तर उत्तरात तिसरा हिस्सा मिलिमीटर घुसतो. "बाकी सगळं जुनं झालं" हे वाक्य परत घेतो.

बर्लिनकर_मुक्ता | सायंकाळी ७.४० (इथली दुपार)

धागा कुठून कुठे गेला! मी इथे वातावरणशास्त्रात पीएचडी करतेय. निरीक्षक काकांनी डब्याबद्दल जे सांगितलं ना, तोच आजार पंधरा किलोमीटर उंचीवरही आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रोज जगभर ठरलेल्या वेळी फुगे सोडतात. ग्रिनिचच्या शून्य आणि बारा वाजताची निरीक्षणं, म्हणजे भारतात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचची. फुग्याला लटकलेल्या रेडिओसोंडमध्ये (आकडे रेडिओनं खाली पाठवणाऱ्या छोट्या यंत्रात) सोल्डरगन यांनी सांगितलेलाच पॉलिमर सेन्सर असतो. उंचीप्रमाणे बाष्प कसं बदलतं हे इतक्या बारकाईनं सांगणारं दुसरं स्वस्त साधन नाही. पण वर दोन अडचणी. पहिली, उणे साठ अंशाला पॉलिमर गारठतो. वाफ शोषायला आणि सोडायला त्याला मिनिटं लागतात, आणि फुगा तर सेकंदाला पाच मीटर वर जातोय. म्हणजे आकडा येईपर्यंत हवा बदललेली असते.

दुसरी अडचण ऊन. वर हवा इतकी विरळ की सेन्सरची उष्णता कोण वाहून नेणार? २००० च्या दशकात आरएस९२ नावाची सोंड खूप वापरात होती. कोस्टा रिकात तिच्या बरोबरीनं हिमबिंदू, म्हणजे किती अंशाला हिम धरतं ते, मोजणारं उपकरण सोडून बघितलं, तर दिवसा सोंड खरी आर्द्रता आहे त्यापेक्षा कमी दाखवत होती. जमिनीजवळ ९ टक्के कमी, आणि पंधरा किलोमीटरवर तब्बल ५० टक्के. हे २००७ साली छापून आलं. कारण तेच, निफाडचा तापलेला डबा! पुढच्या आरएस४१ मध्ये आर्द्रतेच्या चिपवरच छोटा तापमापक बसवला. सेन्सर स्वतः किती तापलाय हे माहीत झालं की तुम्ही केलेलाच दवबिंदूचा हिशेब करून खरा आकडा काढता येतो.

ज्या यंत्रानं ती चूक पकडली त्यात एक छोटा आरसा असतो. आरसा गार करत जायचा, त्यावर प्रकाश टाकायचा, दव किंवा हिम धरलं की परावर्तन बदलतं, त्या क्षणी आरशाचं तापमान हेच उत्तर. वात, मीठ, तक्ता काही नको. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं सगळ्यात सरळ पद्धत हीच, एक-दोन दशांश अंशांची अचूकता मिळते. पण आरसा स्वच्छ लागतो, वीज लागते आणि पैसे लागतात. अमेरिकेत बोल्डरला १९८० पासून अशा आरशाचे फुगे सोडतायत. तिथे वरच्या स्थितांबरात दहा लाख रेणूंमागे वाफेचे रेणू फक्त चार-पाच. तिथलं टक्क्यांत बोलणं म्हणजे समुद्रात जाऊन "पाणी आहे का" विचारण्याच्या उलट.

सोल्डरगन | रात्री ८.०२

आणि लिडार? लेसरनं मोजतात ना?

बर्लिनकर_मुक्ता | रात्री ८.२५

हो, रामन लिडार. सर सी. व्ही. रामन यांचाच परिणाम, १९२८ चा. ३५५ नॅनोमीटरचा लेसर आकाशात सोडायचा. नायट्रोजनवर आदळून परत येणाऱ्या प्रकाशातला थोडा ३८७ ला येतो, पाण्याच्या वाफेवरून येणारा ४०८ ला. दोघांचं गुणोत्तर म्हणजे हवेतलं वाफेचं प्रमाण, उंचीनुसार, मिनिटामिनिटाला. पडद्यावर वाफेचे थर सरकताना बघणं हे मला अजून जादूसारखं वाटतं.

पण दिवसा सूर्यप्रकाशात तो क्षीण सिग्नल बुडून जातो, जाड ढगाच्या पलीकडे काही दिसत नाही. आणि गुणोत्तराला ग्रॅममध्ये बदलायचा आकडा बऱ्याचदा कुठून घेतात? सोंडेकडून! म्हणजे सोंडेची चूक लिडारमध्ये.

काकांसाठी एक. बर्लिनच्या आग्नेयेला लिंडेनबर्ग नावाचं गाव आहे, तिथल्या वेधशाळेतून जगभरच्या संदर्भ-फुग्यांचं (ज्यांच्यावरून बाकीची मोजणी पडताळतात त्यांचं) काम चालतं. १९०५ साली ती सुरू झाली तेव्हा पहिला संचालक कोण होता माहितीये? रिचर्ड आसमान. पेशानं मूळचा डॉक्टर.

जुना_निरीक्षक | रात्री ९.१०

मुक्ताताई, आसमानचं नाव काढलंत, आता मला आवरणार नाही.

आमच्याकडे आसमानचं सायक्रोमीटर, म्हणजे ओला-कोरडा थर्मामीटरच, पेटीत मखमलीत ठेवलेलं असे. दोन थर्मामीटर चकचकीत नळ्यांत, वर चावीचा पंखा. किल्ली दिली की पंखा ठरलेल्या वेगानं हवा ओढतो, ऊन थर्मामीटरला लागत नाही. ओसरीतल्या वातीला वारा किती लागेल हे दैवावर, आसमानच्या वातीला वारा नेहमी तितकाच. म्हणून दोघांचे तक्ते वेगळे असतात. उदाहरण देतो. नागपूरला कोरडा ४०, ओला २१.३ असं आसमानवर आलं तर उत्तर १८ टक्के. तेच आकडे चुकून स्टीव्हन्सनच्या पेटीच्या, म्हणजे वारा न देणाऱ्या, तक्त्यावर बघितले तर १५ पेक्षाही खाली येतं. यंत्र निर्दोष, वात नवी, पाणी शुद्ध, आणि तरी चूक, कारण पान चुकीचं उघडलं. नव्या मुलांची ही चूक मी किती वेळा लाल शाईनं दुरुस्त केली असेल.

आणि केस! पेटीत आर्द्रतालेखी असायचा, माणसाच्या केसांच्या जुडग्यावर चालणारा. जिनिव्हाच्या सोस्यूरनं १७८३ साली यावर ग्रंथ लिहिला. केस कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेला की दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो, तेवढ्या हालचालीवर पेन चार्टवर रेघ ओढतं. ऊर्ध्वपातित पाण्यात मऊ ब्रश बुडवून ते केस धुवायचे, बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल. आमचे एक सहकारी पूर्ण टकले होते, ते हे काम स्वतःहून मागून घ्यायचे. म्हणायचे, "केस विंचरायची हौस इथेच भागते."

अचूकतेत केस अगदी मागे. पण रात्रभराची रेघ तोच देत असे. पहाटे किती वाजता हवा ९५ वर गेली आणि किती वेळ तिथे राहिली, हे दोन वेळच्या वाचनात कुठून दिसणार.

मळेवाला_दिंडोरी | रात्री ९.४४

एवढी डोकेफोड कशाला? व्हॉट्सॲपवर उपग्रहाचा बाष्पाचा फोटो रोज येतो. आज आपल्या भागावर काळंकुट्ट आहे, म्हणजे हवा कोरडी. डाऊनी येत नाही. मी फवारणी थांबवली.

बर्लिनकर_मुक्ता | रात्री ९.५८

दादा, थांबा! तो फोटो इन्सॅटच्या ६.५ ते ७.१ मायक्रोमीटरच्या चॅनेलचा असतो. या तरंगलांबीला वाफच प्रकाश अडवते. त्यामुळे उपग्रहाला मुख्यतः वरच्या थरातली, साधारण पाच ते दहा किलोमीटर उंचीवरची वाफ दिसते. खालपर्यंत त्याची नजर पोचतच नाही. काळं म्हणजे वर कोरडं. खाली तुमच्या मळ्यात धुकं असलं तरी फोटो काळाच येईल.

जुना_निरीक्षक | रात्री १०.०३

उलट वर कोरडं आणि निरभ्र असेल तर रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला जास्त मोकळेपणानं देते. दव जास्त पडतं. मळेवाले, उद्या पहाटे बागेत जाऊन पानाला हात लावून बघा.

मळेवाला_दिंडोरी | १८ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

गेलो होतो. चप्पल भिजली. फवारणी चालू करतो.

द्राक्षवेडा_निफाड | दुपारी ३.२०

मंडळी, निकाल.

मिठाचा डबा: स्टेशनचा सेन्सर काढून रात्रभर ठेवला. सकाळी ७७ दाखवत होता. सोल्डरगनदादा, पास ना?

वात: मेडिकलमधून बँडेजचं सुती कापड आणलं, सोड्यात उकळलं, चांगलं धुतलं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वाटीत. आज दुपारी दोनला कोरडा ३२.२, ओला २२.७. काका, तुम्ही निफाडला न येता साडेबावीस सांगितलं होतं. मी घरात सगळ्यांना दाखवत फिरलो. मग पुठ्ठ्यानं वारा घातला तर ओला अजून अर्ध्या अंशानं उतरला.

डबा: वेल्डिंगवाल्याकडं गेलोच नाही. कुंडीखाली ठेवायच्या प्लास्टिकच्या सात पांढऱ्या बशा घेतल्या, मध्ये भोकं पाडली, बोल्टवर अंतर ठेवून रचल्या आणि सेन्सर आत सोडला. आज स्टेशन दुपारी ३२.६ दाखवतंय. तीन यंत्रं पहिल्यांदाच एका पंगतीत बसली.

एक शंका राहिली. पहाटे स्टेशन ९६ दाखवतं, १०० नाही. तरी पानावर पाणी असतं. ते कसं?

जुना_निरीक्षक | दुपारी ४.०१

सोल्डरगन उत्तर देतीलच, पण ७७ म्हणजे दोन टक्के चढा, शेतीला उत्तम.

शंकेचं उत्तर: यंत्र हवेचं मोजतं. पान हवेपेक्षा गार असतं. निरभ्र रात्री पान थेट आकाशाला उष्णता देतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा एक-दोन अंश खाली जातं. हवा १६.०, दवबिंदू १५.४, पान पंधराला पोचलं की त्यावर दव धरणारच, हवा ९६ वर असली तरी. तुमच्या रोगाला हवेचे टक्के दिसत नाहीत, त्याला पानावरचं पाणी लागतं. पान किती तास ओलं राहिलं हे मोजणारी वेगळी पट्टी मिळते, पानासारखी चपटी. ती लावा. आर्द्रतेवर भागवायचंच असेल तर ९० च्या वर किती तास राहिली ते स्टेशनच्या नोंदीत बघा, केसाच्या रेघेसारखं.

आता माझा एक प्रश्न. तुमचे वडील हे यंत्र बघून काही लिहून ठेवत असत का?

द्राक्षवेडा_निफाड | दुपारी ४.१५

हो तर. वह्या आहेत. १९८९ पासूनच्या. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत. सकाळ-दुपार दोन वेळा. का हो?

जुना_निरीक्षक | दुपारी ४.१८

नुसते टक्के लिहिलेत की कोरडा आणि ओला दोन्ही?

साखळी_टेप | दुपारी ४.४०

काकांच्या डोक्यात काय चाललंय ते कळलं. दोन्ही असतील तर सत्तावीस वर्षांचे दवबिंदू निघतील. एका शेताचे! टाईप करायला मी मदत करतो.

सोल्डरगन | दुपारी ४.५२

मी हिशेबाची शीट बनवतो. पण वात कशी होती त्या काळात, यावर सगळं अवलंबून आहे. शेवटच्या वर्षांत काडी झाली असेल तर दुपारचे आकडे बाद.

द्राक्षवेडा_निफाड | रात्री ९.३०

माळ्यावरून पेटी काढली, धूळ झटकण्यात संध्याकाळ गेली. दोन्ही लिहिलेत. कोरडा काळ्या शाईनं, ओला निळ्या. टक्के कुठेच नाहीत.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला, समासात, छोट्या अक्षरात: "वात बदलली." शेवटची नोंद १ मार्च २०१६.

पहिल्या वहीचे फोटो काढतोय, उद्या टाकतो.